‘कप्पा’ प्रणाली आणि बार्शीला न पोहोचलेला लिफाफा

मी, शांतलिंग सिद्धाराम मेनकुदळे, वय अडुसष्ट, धंदा आधी आडत दुकानात लेखनिक, नंतर टायपिंग व संगणक केंद्राचा चालक आणि सध्या गोळ्या वेळेवर घेणे, राहणार कळंब, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. लिहिताना मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. पत्नीने दोनदा जेवायला हाक मारली, तो दबाव धरू नये. बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा कोणी मागितलाच, तर गेल्या गुरुवारी वाशीच्या एका आडत दुकानातल्या सव्वीस वर्षं जुन्या प्रणालीची बिघडलेली अनुक्रमणिका मी फोनवरून, पडदा न बघता दुरुस्त करून दिली आहे. दुकानाच्या मालकीण नागूबाई गपाट याची साक्ष देतील, आणि दिली नाही तर पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

मृत्युपत्राचा छापील नमुना मला धाराशिवचे वकील रामहरी लोमटे यांनी दिला. त्यात मिळकतीचे दोनच प्रकार होते, स्थावर आणि जंगम. आम्हा लिंगायतांच्या घरात जंगम म्हटलं की स्वामी डोळ्यांपुढं येतात, पण इथं हलवता येणारी मिळकत असा अर्थ आहे, हे वकिलांनी समजावलं. माझं जे काही आहे त्यातलं बरंचसं या दोन्हींत बसत नाही. म्हणून कलमं वाढवली आहेत. वकिलांनी हरकत घेतली, पण मसुदा वाचताना त्यांचा चहा गार झाला एवढं मी पाहिलं.

कलम १. घर. कळंबचे आमचे तीन खोल्यांचे घर, पुढच्या ओट्यासह, मी पत्नी सौ. मल्लम्मा हिला देतो, असं मोठ्या दिमाखात लिहिलं होतं. नंतर खरेदीखत काढून बघितलं, तर घर पहिल्यापासून तिच्याच नावावर निघालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून तिनं ते उभं केलं आहे. त्यामुळे घर दिल्याचा मान मला मिळत नाही. एवढंच नोंदवून ठेवतो की पुढची खोली तिनं मला केंद्रासाठी तीस वर्षं वापरू दिली. मल्लम्मा अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी कानडी बोलतात, आणि ती चिडली की कानडीत फार थोडे शब्द वापरते. त्या खोलीवरून तिनं ते शब्द कधी वापरले नाहीत.

कलम २. बँक. बँकेत जे असेल ते मल्लम्माचं, तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी शिवप्रिया हिचं. यावर भांडण होईल एवढं तिथं काही नाही.

कलम ३. हत्यारं. मराठी टायपिंगची दोन यंत्रं कळंबच्या वाचनालयाला द्यावीत. एका यंत्राचा ‘ळ’ वर उडतो. तो तसाच ठेवावा. आमच्या तालुक्यातल्या कित्येक अर्जांवर कळंबचा ‘ळ’ वर उडालेला आहे आणि ते सगळे मंजूर झालेले आहेत.

फ्लॉपींचे नऊ डबे आहेत. त्या वाचता येतात की नाही, मला माहीत नाही. फेकण्याआधी एकेक लावून बघावी.

मोडेम शिवप्रियाला. टेलिफोनच्या तारेतून संगणक दुसऱ्या संगणकाशी बोलायचा तो हा डबा. बोलण्याआधी तो चिरडल्यासारखा ओरडायचा. शिवप्रिया तेव्हा आठ वर्षांची होती. मोडेम ओरडायला लागला की तीही तोंडानं तसाच आवाज काढायची, आणि मल्लम्मा आतून दोघांनाही गप्प बसवायची. आज शिवप्रिया बंगळुरात मोठ्या कंपनीत डेटाबेसचंच काम करते. हा डबा तिच्या ऑफिसात टेबलावर ठेवावा. कोणी विचारलं तर आवाज काढून दाखवावा.

कलम ४. ‘कप्पा’ म्हणजे काय. ज्याची वाटणी करायची ते काय आहे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणून हे कलम.

एकोणीसशे शहाऐंशीत मी कळंबच्या बाजारात एका आडत्याकडे लेखनिक होतो. रामलिंग, श्यामलिंग असे दोन भाऊ एकाच गाडीतून माल आणायचे. त्यात तूर, हरभरा, करडई. प्रत्येकाच्या गोण्या वेगळ्या, प्रत्येक गोणीचं वजन वेगळं, तुरीतही दोन प्रती. माझ्या वहीत हे सगळं एका पानावर मावायचं. पुढं मी सोलापुरात संगणक शिकलो, तर तिथं सांगितलं की एका चौकोनात एकच गोष्ट. दोन भाऊ असतील तर दोन ओळी करा. सात गोण्या असतील तर दुसरा तक्ता काढा, प्रतींचा तिसरा, आणि तिन्ही तक्ते एकमेकांना आकड्यांनी बांधा. मास्तर हुशार होते, पण त्यांनी बाजारात कधी गोणी मोजलेली नव्हती.

मी एक्क्याण्णव साली नोकरी सोडून केंद्र काढलं, आणि चार वर्षं खपून माझी स्वतःची प्रणाली लिहिली. तिच्या एका चौकोनात कितीही गोष्टी ठेवता येत. एक शेतकरी, त्याचे सगळे भाऊ, सगळ्या गोण्या, सगळी वजनं, एकाच पानावर, वहीसारखी. मागाल तेव्हा ती दोन सेकंदांत पान पुढं करी. मल्लम्मानं बघितलं आणि म्हणाली, “हे तर फडताळाच्या कप्प्यासारखं झालं. एक उघडला की घरातलं सगळं तिथंच.” त्यावरून नाव पडलं.

अशा तऱ्हेचे डेटाबेस परदेशात आधीपासून होते, थोड्या लोकांना ठाऊक होते, हे मला फार नंतर कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुठंतरी माझ्यासारखाच एखादा लेखनिक असणार, असं वाटलं.

कलम ५. बाजारभावाचं पान. सन अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मी कळंब बाजाराचे भाव इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. त्या काळी लोक वेबसाइट म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं पान समजायचे. आपलं नाव, पत्ता, देवाचा फोटो, आणि खाली लुकलुकणारी अक्षरं. माझं पान लिहिलेलं नसायचंच. पुण्यातल्या एका सर्व्हरवर जागा घेऊन मी तिथं ‘कप्पा’ची छोटी आवृत्ती ठेवली होती. कोणी मागितलं की ती त्या क्षणी भाव काढून पान तयार करायची आणि पुढं वाढायची. तव्यावरची भाकरी आणि डब्यातली भाकरी यात जो फरक, तो.

मराठी अक्षरांची मोठी अडचण होती. माझ्या संगणकावरचा मराठी टाइप दुसऱ्याच्या संगणकावर नसायचा, मग तिथं ‘हरभरा’च्या जागी नुसती चिन्हं उमटायची. मी प्रत्येक धान्याच्या नावाचं छोटं चित्र केलं. शून्य ते नऊ आकड्यांची दहा चित्रं केली. तुरीचा भाव म्हणजे एक शब्दाचं चित्र आणि त्यापुढं चार आकड्यांची चित्रं, न दिसणाऱ्या तक्त्यात ओळीनं बसवलेली. एकही अक्षर नाही, आणि तरी सगळं मराठीत. सकाळी सातच्या आत, एसटीडीचा दर कमी असताना, मी सोलापूरला फोन जोडून आदल्या दिवशीचे भाव चढवायचो.

कळंबमध्ये हे पान बघायची सोय फक्त माझ्याकडेच होती. म्हणजे ज्या बाजाराचे भाव, त्या बाजाराला ते दिसत नव्हते. यावर सोमलिंग लई हसला होता.

सोमलिंग हत्तरगे हा माझा मित्र आणि ‘कप्पा’तला भागीदार. आधी तो बियाण्याच्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी होता. मोटारसायकलवर फिरायचा, आणि शेतकरी बियाणं घेऊन त्यालाच जेवायला थांबवून घ्यायचे. मी बांधायचं आणि त्यानं विकायचं, असं आमचं ठरलं. कळंब आणि वाशी मिळून अकरा आडत दुकानांत त्यानं ‘कप्पा’ बसवला. वाशीच्या नागूबाईंना तर त्यानं संगणक सुरू न करताच विकला. नवरा वारल्यावर दुकान सांभाळायला त्या नुकत्याच बसल्या होत्या. सोमलिंग म्हणाला, “वहिनी, मागची वही मागितली की लेखनिक कुरकुरतो, ह्यो डबा कुरकुरत न्हाय.” त्या म्हणाल्या, “बसवा.”

माझ्या पानाच्या तळाशी पाहुण्यांची वही होती. पान बघणाऱ्यानं तिथं दोन ओळी लिहायच्या. वर्षभरात मोजून चौदा जणांनी लिहिलं. त्यातला एक वाशीचा माणूस मस्कतला नोकरीला होता. त्यानं इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं होतं: ‘तुरीचा भाव बघितला. आप्पा आज बाजारात आले असणार.’

सोमलिंगनं ते तीनदा वाचलं. म्हणाला, “शांतलिंगा, हीच जाहिरात हाय. एवढंच छाप. दुसरं काही लिहू नको.”

मी म्हणालो, “हे त्याचं खासगी आहे. आणि यात प्रणालीबद्दल काहीच सांगितलेलं नाही.”

मी जे पत्रक छापलं त्यात प्रणालीची चौदा वैशिष्ट्यं होती, बारीक टाइपात. ती पत्रकं आजही माळ्यावर आहेत. मल्लम्मा त्यांचा उपयोग डब्यांखाली अंथरायला करते. ते चालू ठेवावं.

कलम ६. किरकोळ अढ्या. या मी माफ करून संपवत आहे, वारसांनी पुढं चालवू नयेत.

संगणकाच्या एका मासिकानं ‘कप्पा’वर अर्धं पान देतो म्हणून फोटो मागवला आणि माझ्याऐवजी बंद पडद्याचा फोटो छापला. माफ. सोलापूरच्या ज्या दुकानदारानं मला मराठी टाइपचा संच म्हणून अर्धीच मुळाक्षरं विकली, त्यालाही माफ. ‘ढ’ त्यात नव्हता, आणि बाजारात ढेप रोज येते.

सोमलिंगनं एकदा स्वतः पत्रक लिहिलं. त्यात मोठ्या अक्षरांत ‘आता लेखनिकाची गरज नाही’ असं होतं. मी स्वतः लेखनिक. बाजारातले सगळे लेखनिक माझे सोबती. मी ती दोन हजार पत्रकं पाण्याच्या हौदात बुडवली. सोमलिंग हौदाकाठी उभा राहून म्हणाला, “बरं, मग ‘लेखनिकाचा आराम’ असं लिहू. इतकं चिडायचं काय त्यात?” ते खरंच चांगलं वाक्य होतं. रागात मी तेही छापू दिलं नाही. यात कोणी कोणाला माफ करायचं, हे मला नीट ठरवता येत नाही.

कलम ७. लिफाफा. हे कलम मी दुसऱ्यांदा लिहीत आहे.

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचे भागवत नावाचे साहेब ‘कप्पा’ बघायला एसटीनं कळंबला आले. त्यांनी बाजारभावाचं पान पाहिलं होतं आणि त्याच्या मागं काय चालतं, याचं त्यांना कुतूहल होतं. मी त्यांना केंद्रात बसवून तीन तास सिद्धांत सांगितला. फळ्यावर चौकोन काढले, खोडले, पुन्हा काढले. संगणक सुरू करायचा राहूनच गेला. त्यांची परतीची बस चुकायला आली तेव्हा सोमलिंग त्यांना मोटारसायकलवर स्टँडला सोडायला गेला. वाटेत एका आडत दुकानात थांबून त्यानं दहा मिनिटं ‘कप्पा’ चालवून दाखवला.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पुण्याच्या प्रदर्शनात त्यांच्या दालनात आम्हाला एक टेबल मिळणार होतं. देशभरचे व्यापारी आणि कंपन्या तिथं येणार होत्या. सोबत एक फॉर्म होता, तो भरून, सही करून ठरलेल्या तारखेच्या आत पोहोचवायचा. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: ‘सादरीकरण श्री. हत्तरगे यांनी करावे, ही विनंती.’

सोमलिंगला ते वाचून अवघडल्यासारखं झालं. म्हणाला, “आपण दोघं बी उभं राहू.” मी म्हणालो, “हो की.” फॉर्म मी त्याच्यासमोर भरला, लिफाफ्यात घातला, चिकटवला. कुरिअर तेव्हा बार्शीला होतं. तो दुसऱ्या दिवशी बार्शीला जाणारच होता. मी त्याला सांगितलं, “चहा पिऊन ये, तोवर मी लिफाफा तुझ्या पिशवीत ठेवतो.”

मी तो पिशवीत ठेवला नाही. केंद्रातल्या लोखंडी कपाटात, टायपिंगच्या कोऱ्या कागदांखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बार्शीहून त्याचा फोन आला. आवाज पार उतरलेला होता. “शांतलिंगा, पिशवीत लिफाफा न्हाय. वाटंत पडला वाटतं. उद्या शेवटची तारीख हाय. म्या पुण्याला फोन केला, ते म्हणतेत फॅक्स केला तरी चालंल. आपल्याकडं दुसरा फॉर्म हाय का?”

कपाट माझ्या कोपरापासून हातभर होतं. मी म्हणालो, “नाही.”

तो त्या संध्याकाळी तसाच परत आला. बार्शीपासून येरमाळ्यामार्गे सगळ्या रस्त्यावर मोटारसायकल थांबवत, खाली बघत आला होता. केंद्राच्या पायरीवर बसून म्हणाला, “माझ्याच हातून गेलं. तुझी इतक्या वर्षांची मेहनत.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि “जाऊ दे” म्हणालो. मला तेव्हा मोठं मन दाखवल्यासारखं वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते.

प्रदर्शनात दुसऱ्याच कोणाची प्रणाली गेली, एका चौकोनात एकच गोष्ट ठेवणारी. पुढच्या तीन वर्षांत आमच्या अकरापैकी दहा दुकानांत तीच आली. सोमलिंगला माझ्यासमोर यायला नको वाटू लागलं. त्यानं वाशीला बी-बियाण्याचं दुकान टाकलं आणि संगणकाचं नाव सोडलं. गावात कोणी विचारलं तर मी सांगायचो की पुण्याच्या लोकांनी इंग्रजी नाव ठेवा म्हणून अट घातली होती, आणि त्यात सोमलिंगकडून फॉर्म हरवला. अटीचंही खोटंच होतं. खरं कारण पत्रातली ती शेवटची ओळ. चार वर्षं मी खपलो होतो आणि टेबलामागं उभा राहणार होता तो.

गेल्या डिसेंबरात माझी लातूरला अँजिओप्लास्टी झाली. सोमलिंग वाशीहून शहाळी घेऊन आला. खाटेजवळच्या स्टुलावर बसून म्हणाला, “तवा माझ्या हातून लिफाफा पडला नसता, तर आज तू कुठल्या कुठं असतास. म्या रोज न्हाय, पण आठवड्यातनं एकदा तरी आठवतो.” नर्स आली म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

घरी आल्यावर मी मृत्युपत्राचा पहिला मसुदा लिहिला. त्यात या कलमाखाली एकच ओळ होती: ‘सोमलिंग हत्तरगे याने लिफाफा हरवला, त्याबद्दल मी त्याला मनापासून माफ केले आहे.’

मल्लम्मा मसुदा शुद्धलेखनासाठी तपासत होती, लाल पेन घेऊन, शाळेत तपासायची तसा. त्या ओळीपाशी थांबली. ‘माफ’ या शब्दाभोवती तिनं गोल काढला. मग उठली, पुढच्या खोलीत गेली, आणि लिफाफा आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. चिकटवलेला होता तसाच होता.

“शिवप्रिया बारावीला होती तेव्हा कपाट आवरताना सापडला मला,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल म्हणून थांबले. सतरा वर्षं थांबले, ते माझं पण चुकलं.”

मी म्हणालो, “मग इथं खरं लिहितो. मी गेल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवा.”

“बेडा,” ती म्हणाली. बेडा म्हणजे नको. “तुम्ही गेल्यावर सोमण्णा भावजींनी कुणाला विचारायचं, का केलंस म्हणून? मला? उद्या सकाळची वाशीची गाडी आहे.”

मी गेलो. सोमलिंग त्याच्या दुकानात नव्हता, नागूबाईंच्या आडतीत बसला होता. नागूबाई ‘कप्पा’वर एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढत होत्या. मी त्याला बाहेर बोलावणार होतो, पण बाहेर नेलं तर पुन्हा टाळीन असं वाटलं, म्हणून तिथंच लिफाफा काउंटरवर ठेवला. त्यानं माझं अक्षर ओळखलं. उलटून पालटून बघितला. चिकटवलेली बाजू बोटानं चाचपली.

“म्हंजे पडला नव्हता.”

“नाही.”

“म्या येरमाळ्याच्या अलीकडं एका मोरीत उतरून बघितलं व्हतं. गुडघाभर गाळ व्हता.” मग त्यानं विचारलं, “का रं?”

“त्यांनी तुझं नाव लिहिलं होतं. माझं नाही.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच.”

नागूबाईंनी पट्टी काढायचं थांबवलं होतं. गोण्या उतरवणारे दोघं हमालही थांबले होते. सोमलिंगनं लिफाफा खिशात घातला आणि बाहेर गेला. मी दोन तास तिथं बसलो. नागूबाईंनी जेवायला विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही बांधलेलं चांगलं हाय, दादा. तुम्ही न्हाय.” ते बरोबर होतं.

सोमलिंग परत आला तो चार वाजता. म्हणाला, “मेल्यावर मला काय देणार हाईस त्यात?”

मी सांगितलं की ‘कप्पा’चा अर्धा हिस्सा त्याच्या नावे लिहीन.

“मेल्यावर न्हाय. आत्ता दे. तू नव्वद वर्षं जगलास तर म्या काय करू? माझं वय तुझ्यापरीस दोन वर्षांनी जास्त हाय.”

त्याप्रमाणे मागच्या महिन्यात धाराशिवला जाऊन ‘कप्पा’चा अर्धा हिस्सा मी वेगळ्या बक्षीसपत्रानं सोमलिंगला देऊन टाकला आहे. म्हणून या मृत्युपत्रानं त्याला काहीही मिळत नाही. ‘माफ केले’ ही ओळ रद्द. त्या जागी असं वाचावं: लिफाफा मी ठेवून घेतला होता, दोष सर्वस्वी माझा होता, आणि हे मी जिवंत असताना त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. कळंबमध्ये ज्यांना मी उलटं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी नऊ जणांच्या घरी जाऊन आलो. तिघं आता हयात नाहीत. त्यांच्या मुलांना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण चहा दिला.

कलम ८. उरलेला अर्धा ‘कप्पा’. माझा राहिलेला अर्धा हिस्सा, मूळ प्रोग्राम आणि त्यावरच्या टिपांसह, शिवप्रियाला. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. लिफाफ्याचं तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अप्पा, आम्ही ऑफिसात जो डेटाबेस वापरतो ना, त्यात एका खान्यात अख्खी यादी ठेवता येते. लोक त्याला नवीन म्हणतात. मी कॉलेजात असताना तुम्हाला सांगायला हवं होतं, की हे मला घरी आधीच शिकवलेलं होतं.” हे मी आधी वहीत लिहून ठेवलं. त्यानंतर भेटेल त्याला तेच सांगत सुटलो.

अट एकच. नागूबाईंना हवं तोवर त्यांच्या दुकानातला ‘कप्पा’ चालता ठेवावा. नवीन प्रणाली घ्या म्हणून त्यांना वर्षातून चार जण येऊन सांगतात. आग्रह करू नये.

सोमलिंगनं काम आधीच सुरू केलं आहे. माझ्या चौदा वैशिष्ट्यांचं त्यानं काहीही घेतलं नाही. मोबाइलवर नागूबाईंचं दोन मिनिटांचं बोलणं उतरवलं, दुकान चालू असताना, मागं गोण्या पडतात त्याचा आवाजही तसाच ठेवला. ते शिवप्रियानं इंटरनेटवर घातलं. वाशी आणि भूम भागातल्या दोन शेतकरी उत्पादक कंपन्यांनी बघायला बोलावलं आहे. सादरीकरण श्री. हत्तरगे करतील. मी मागच्या खुर्चीत बसेन आणि कोणी विचारल्याशिवाय बोलणार नाही, असं मल्लम्मानं माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.

कलम ९. शेवटचं. आमच्या रिवाजाप्रमाणे मला रुद्रभूमीत बसवून माती द्यावी. गळ्यातलं इष्टलिंग हातात द्यावं. चौकात फोटोचा फ्लेक्स लावू नये. लावायचाच असेल तर त्यावर ‘संगणकमहर्षी’ वगैरे लिहू नये, नुसतं ‘लेखनिक’ लिहावं. शोकसभेत कोणी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. मी स्वतः हा नियम कधी पाळला नाही, त्याचे परिणाम वर आलेले आहेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवप्रियानं करावी. याआधीचा मसुदा मल्लम्मानं फाडलेला आहे, त्यामुळे तो रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. वर लिहिलेलं सगळं मी स्वतः पुन्हा वाचलं, मल्लम्मानं तपासलं, एकोणीस चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. आज दोन्ही साक्षीदारांना समोर बसवून सही करत आहे.

ठिकाण : कळंब, जिल्हा धाराशिव
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार, सकाळी अकरा

(सही) शांतलिंग सिद्धाराम मेनकुदळे

साक्षीदार १ : लिंबाजी टेकाळे, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार कळंब. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी वाचलेला नाही, सांगितला तेवढा ऐकला.
(सही)

साक्षीदार २ : सोमलिंग हत्तरगे, वय सत्तर, राहणार वाशी. सही माझ्यासमोर झाली. मजकूर म्या सगळा वाचला. कलम सातमधी लिहिलंय ते तसंच घडलं. माफ केलं असं खाली लिहावं म्हणून वकिलांनी सुचवलं होतं. ते अजून ठरलेलं न्हाय, ठरलं की म्या याच्या तोंडावर सांगीन. मंगळवारी भूमला जायचंय, गाडी साडेआठची हाय, यानं वेळंवर यावं.
(सही)